मायची हरकत

एसटीत भाऊसाहेबांच्या शेजारी बसायचं म्हणजे आपली मांडी त्यांच्या हवाली करायची. वसमतहून कुरुंद्याला येईपर्यंत त्यांची दहाही बोटं त्या मांडीवर चालू असायची. कंडक्टर ओरडला, "पुढं सरका, पुढं सरका," की ते माझ्या गुडघ्यावर टाइप व्हायचं. मागच्या बाकावर दोन बाया सुनांची गाऱ्हाणी सांगत असल्या तर मग विचारूच नका, पार कुरुंद्याचा फाटा येईपर्यंत मजकूर संपायचा नाही. आणि ओळ पुरी झाली की डावा हात सर्रकन आडवा फिरायचा. टाइपरायटरचा गाडा मागं ढकलायची ती सवय. त्या फटक्यात एकदा माझा चष्मा खिडकीबाहेर गेला. भाऊसाहेबांनी आरडाओरडा करून बस थांबवली, रस्त्याकडच्या शेताच्या धुऱ्यावरून चष्मा शोधून आणला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "माफ करा सर. परिच्छेद बदलला."

तालुक्याच्या कचेरीत ते एकतीस वर्षं मराठी टंकलेखक होते. कचेरीत तसे सगळेच कारकून भाऊसाहेब, पण निवृत्तीनंतरही हा शब्द ज्याच्या अंगाला चिकटून राहिला असा माणूस गावात हा एकच. मी तेव्हा कुरुंद्याच्या शाळेत नवाच मास्तर होतो, मूळचा सेनगावकडच्या साखऱ्याचा. त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोली 'ताब्यात मिळाल्याबाबत' सही करायला लावली. एक खिडकी, एक दार, एक खुंटी, एक पाल. पालीपुढं 'सुस्थितीत' असा शेरा होता.

घरात भाऊसाहेब, त्यांची बायको आणि ऐंशी ओलांडलेली आई. बायकोला मी वैनी म्हणायचो. आईला सगळं गाव माय म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानंच आपला जुना संगणक बापाला आणून दिला होता. मधल्या खोलीत, पांढऱ्या टॉवेलखाली, तो टेबलावर बसलेला असायचा.

आता निवृत्त माणसानं घरच्या संगणकावर हवं तेव्हा बसावं की नाही? छे. सकाळी साडेदहाला टॉवेल निघायचा. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. पावणेसहाला बंद. दुसरा आणि चौथा शनिवार बंद. एकदा मी अशाच एका शनिवारी शाळेचा तक्ता टाइप करून मागितला तर म्हणाले, "सर, आज कार्यालय बंद हाय. सोमवारी या." मी म्हटलं, भाऊसाहेब, मी याच घरात राहतो. "तुमी ऱ्हाता हो, पण त्याला बी सुट्टी पाहिजे का न्हाई?"

जेवताना तर धमाल. वैनी काही सांगत असल्या की भाऊसाहेबांची बोटं ताटाच्या काठावर चालायची आणि ओळ संपली की वरणाची वाटी आडवी. पस्तीस वर्षांत वैनींनी वाटी उजवीकडं ठेवायची सवय लावून घेतली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांना नवऱ्याची बोटं वाचता यायची. त्या कधी टायपिंग शिकल्या नव्हत्या, पण कुठलं बोट कुठं पडलं की काय होतं ते बघून बघून डोक्यात बसलं होतं. भांडण झालं की भाऊसाहेब तोंडानं एक शब्द बोलायचे नाहीत, नुसतं गुडघ्यावर टाइप करायचे. मग वैनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय लिहिलं आत्ता? मला कळतंय बरं का! भवानी कोणाला म्हनून राहिलात?" भाऊसाहेब लगेच दोन्ही हात काखेत घालायचे.

आणि हाताचं अक्षर? शिव शिव. शब्दामागून शब्द असा कोंबड्यानं उकिरडा विस्कटावा तसा. शाळा सुटल्यापासून पेन म्हणून धरलेलाच नव्हता. घरात काही लिहायचं असलं की हात माझा आणि भाषा त्यांची.

या संगणकावर एकच काम चालायचं. माय सांगायची आणि भाऊसाहेब टाइप करायचे. मायचं आयुष्य. हळद शिजवायच्या कढईपाशी काढलेली लहानपणीची वर्षं, बकऱ्या, मजुरी, दुष्काळ, लग्न, नवऱ्याचं लवकर जाणं, एकटीनं वाढवलेलं लेकरू. दररोज एक पान, त्याहून जास्त नाही, कारण पानापुरतं बोलून झालं की मायला पान खायचं असायचं. कागदावर काही नव्हतं. मायच्या तोंडातून थेट भाऊसाहेबांच्या बोटांत आणि बोटांतून यंत्रात. पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे, "मी हळदीच्या दिसात झाले म्हणून मला पिवळी म्हणायचे."

मायला अक्षर येत नव्हतं. पण काम आटपलं की ती खुर्ची ओढून पडद्यापुढं बसायची आणि आपलं पान 'बघायची'. अक्षरांच्या डोक्यावरून जी रेघ जाते ना, तिच्यावरून बोट फिरवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "आज एवढ्या वळी झाल्या," म्हणायची. खूश व्हायची. त्या रेघेला ती छप्पर म्हणायची. म्हणायची, "म्या सांगितलं ते छपराखाली गेलं."

गावच्या विहारात पोरांनी ठरवलं की यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला मायचं सगळं वाचून दाखवायचं. जेमतेम सत्तर पानं झाली होती. माय तर हरखूनच गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती पुढं बसणार होती आणि बाकीचे ऐकणार होते. तिनं पुन्हा पुन्हा बजावलं, "मी आता दुसऱ्या खेपेला सांगणार न्हाई बरं का. एकदा सांगताना जीव जातो माणसाचा. जे सांगितलं ते त्याच्या पोटात हाय, तेवढंच."

वाचायचं तर छापायला हवं. पुण्याच्या मुलानं त्यासाठी नवा प्रिंटर पाठवला. आणि इथंच सगळी मेख होती. प्रिंटरच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की याला संगणकावर विंडोज एक्सपी ही नवी प्रणाली पाहिजे. घरच्या यंत्रावर होती जुनी विंडोज अठ्ठ्याण्णव. मुलानं त्याचाही विचार करून एक्सपीची सीडी प्रिंटरसोबतच धाडली होती. मी तालुक्याला तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेला. मी म्हटलं, त्यात काय, एका दुपारचं काम आहे.

भाऊसाहेब म्हणाले, "तोंडी न्हाई चालणार सर. फाइल होऊ द्या."

आणि फाइल झाली. गुलाबी पुठ्ठ्याची, लाल नाडीची, माझ्या हस्ताक्षरात. विषय: राहत्या घरातील संगणकावर नवीन प्रणाली बसविणेबाबत. संदर्भ: एक, चिरंजीवांचा दूरध्वनी. दोन, सरांचे तोंडी म्हणणे. मग घरातल्या प्रत्येकाचा अभिप्राय. वैनी म्हणाल्या, "करायचं ते करा, पण आधी त्या टेबलाखालचं जाळं काढा." भाऊसाहेबांनी सांगितलं, लिहा, सशर्त मंजुरी.

मायनं मात्र हरकत घेतली. "चांगलं चालून राहिलं ना ते? मग त्याला काहून हात लावायचा? मपली पानं हायेत त्याच्या पोटात."

मी समजावलं, "माय, पानं आपण आधी बाहेर काढून ठेवू. तीन फ्लॉप्यांवर. पोट साफ झालं की परत आत ठेवू."

"साफ करताना काय काय बाहेर पडतं ते तुला दिसनार हाय का?"

भाऊसाहेबांनी तिची हरकत शब्दशः लिहून घ्यायला लावली आणि खाली तिचा अंगठा घेतला. मग तज्ज्ञ म्हणून माझा अभिप्राय मागितला. मी ऐटीत लिहिलं, 'काही होत नाही,' आणि सही ठोकली. ती सही आठवली की अजून कानशिलं गरम होतात. शेवटी भाऊसाहेबांनी निकाल सांगितला, "हरकतीत तथ्य दिसून येत नाही. सबब फेटाळण्यात येते." माय म्हणाली, "फेटाळ. मी बी बघते."

पौर्णिमा गुरुवारी होती. रविवार उगवला. एरवी रविवारी कार्यालय बंद, पण भाऊसाहेबांनी 'विशेष बाब' म्हणून टॉवेल काढला. मे महिना, शाळेला सुट्टी, घराबाहेर पाय ठेवला तर चटका. विजेचं भारनियमन सांभाळून अकरा ते तीनची वेळ धरली. मी पानं तीन फ्लॉप्यांवर उतरवली, प्रत्येक फ्लॉपी पुन्हा उघडून तपासली, सत्तरच्या सत्तर पानं बराबर होती. मग जुनं सगळं पुसून सीडी घातली. पडद्यावर 'एकोणचाळीस मिनिटे शिल्लक' असं आलं. भाऊसाहेब घड्याळ काढून समोर बसले. चाळिसाव्या मिनिटाला म्हणाले, "मुदत संपली. खुलासा मागवू का?"

दोन वाजता काम झालं. पडद्यावर हिरवीगार टेकडी आणि वर निळं आभाळ. आम्ही तिघंही बघतच राहिलो. माय काठी टेकत आली, टेकडीकडं निरखून बघितलं आणि म्हणाली, "कुठलं गायरान हाय हे? एवढं गवत आन् एक बी बकरी न्हाई?"

मी हसत हसत फ्लॉपी घातली आणि मायचं पहिलं पान उघडलं.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. इंग्रजी तरी कसली, नुसता कचरा. छोटा जी, मोठा जी, मध्येच अर्धविराम, मध्येच आकडा. मी ती फाइल बंद करून दुसरी उघडली. तेच. तिसरी फ्लॉपी. तेच. मला वाटलं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तेवढ्यात मायनं आपलं बोट पडद्यावर टेकवलं, डावीकडून उजवीकडं नेलं, आणि मध्येच थांबली.

"छप्पर कुठंय?"

तिनं बोट पुन्हा डावीकडं नेऊन खालच्या ओळीवरून फिरवलं.

"हे मपलं न्हाई," माय म्हणाली. "ह्याच्या डोक्यावर रेघ न्हाई. मपली पानं कुठं गेली?"

ज्या एका माणसाला अक्षर येत नव्हतं, त्यानं सगळ्यांत आधी ओळखलं. मी घाम पुसत बसलो. माय उठली, फाइलीकडं बघितलं, काठी आपटत आत गेली. संध्याकाळी ती जेवली नाही. वैनींनी माझ्यापुढं ताट ठेवलं, पण ठेवताना जरा आपटूनच ठेवलं.

सोमवारी मी फ्लॉपी घेऊन वसमत गाठलं. लग्नपत्रिका छापणारा एक दुकानदार ओळखीचा होता. त्यानं पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "गुरुजी, मजकूर कुठं गेला न्हाई. फॉन्ट गेलाय. ज्या साच्यातून ही अक्षरं मराठी दिसत व्हती, तो साचा तुमी पुसला." मजकूर मी तीन-तीन ठिकाणी जपला होता आणि साचा मात्र झाडून टाकला होता. काय बाहेर पडतं ते तुला दिसणार का, असं मायनं विचारलंच होतं.

दुकानदारानं आपल्याकडचे पाच-सहा साचे लावून पाहिले. मराठी अक्षरं आली, छप्परही आलं, पण शब्द वेड्यासारखे. 'मी हळदीच्या' ऐवजी काहीतरी 'घठ्ठझ' छापाचं. प्रत्येक साच्याची मांडणी वेगळी असते म्हणे. मूळ साचा ज्यानं भरून दिला होता तो मुलाचा मित्र दुबईला गेला होता आणि त्याचा नंबर मुलाकडं नव्हता. मुलगा फोनवर म्हणाला, शोधतो, पण वेळ लागेल. वेळच तर नव्हता.

मंगळवारी दुपारी मी भाऊसाहेबांपुढं उभा राहिलो. म्हटलं, "भाऊसाहेब, चूक माझी आहे. मायला मी सांगतो. तिची पायधूळ घेतो आणि पुन्हा सांग म्हणून विनवतो."

"ती न्हाई सांगणार," भाऊसाहेब म्हणाले. "आन् का सांगावं तिनं? तिच्या नवऱ्याचं मरण तिनं मला एका बैठकीत सांगितलं, सर. मधी पाणी बी पिलं न्हाई. ते पुन्हा सांग म्हणू?"

ते पडद्यापुढं नुसते बसून होते. समोर तेच पहिलं पान, तोच कचरा. मी खाली मान घालून बाजूला. वैनी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता थबकल्या. त्या पडद्याकडं बघत नव्हत्या, नवऱ्याच्या हाताकडं बघत होत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "काय लिहून राहिलात?"

"कुठं काय? मी काहीच न्हाई..."

"बोटं चालून राहिलीत तुमची. 'मी हळदीच्या दिसात झाले.' हेच ना?"

भाऊसाहेबांनी आपल्याच बोटांकडं पाहिलं. ती टेबलाच्या काठावर होती आणि खरोखरच चालत होती. मी ताडकन उठलो. मला कळायला थोडा वेळ लागला. मूळ साचा टाइपरायटरच्या मांडणीचा होता. म्हणजे टाइपरायटरवर जिथं 'ह' तिथंच संगणकावर इंग्रजी जी. पडद्यावर दिसत होती ती कुठली कळ दाबली त्याची नोंद. आणि कुठल्या कळेवर कुठलं मराठी अक्षर, हे एकतीस वर्षं ज्या बोटांनी केलं ती बोटं या टेबलावर होती.

मी परीक्षा घेतली. मास्तरच ना मी. म्हटलं, "सी, डी, जे, एच."

बोटं चार वेळा हलली. "बकरी," भाऊसाहेब म्हणाले.

"छोटा जी, मोठा जी, एन."

"हळद."

"ई, के, अर्धविराम."

"माय," ते म्हणाले आणि आतल्या दाराकडं बघायला लागले.

"डी म्हणजे कुठलं अक्षर?" मी विचारलं. भाऊसाहेब गोंधळले. "ते मला काय ठाऊक? बोटाला विचारा." आणि खरंच, नुसतं विचारलं तर सांगता यायचं नाही. बोट हललं की तोंडात अक्षर यायचं. हात काखेत घातले की हा माणूस त्या पानापुढं माझ्याइतकाच अडाणी.

सत्तर पानं लिहून काढायला वेळ नव्हता. बुधवारी आम्ही ती सगळी तशीच छापली. नवा प्रिंटर अगदी झकास चालला, त्याची काय चूक? इंग्रजी कचऱ्याची सत्तर पानं सुबक निघाली. मायनं आतून विचारलं, "काय खडखड लावली?" वैनी म्हणाल्या, "तुमचीच पानं हायेत माय." माय म्हणाली, "छप्पर हाय का?"

गुरुवारी चार वाजता विहार गच्च भरला. मी शाळेतला पोरांचा बुटका डेस्क आणून ठेवला होता. माय पांढरं लुगडं नेसून पुढं सतरंजीवर बसली, पण तोंड वळवून. ती आली होती ती केवळ गावाच्या शब्दाखातर. भाऊसाहेब डेस्कमागं मांडी घालून बसले, पहिलं पान पुढं ठेवलं. पुढच्या रांगेतला एक जण कागदाकडं वाकून मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे तर इंग्रजीबी न्हाई!" हशा झाला. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

भाऊसाहेबांची बोटं डेस्कवर चालायला लागली, आणि बोटांच्या मागून आवाज आला.

"मी हळदीच्या दिसात झाले म्हणून मला पिवळी म्हणायचे."

मायची मान हळूच वळली.

पहिली दोन पानं अडखळत गेली. मग गती आली. डोळे कागदावर, बोटं डेस्कवर, टकटक टकटक, आणि ओळ संपली की डावा हात सर्रकन आडवा. तिसऱ्या पानाला पाण्याचा तांब्या उडाला, तेव्हा वैनी उठून डाव्या बाजूची माणसं मागं सरकवून आल्या. हसू आलं सगळ्यांना, पण आवाज थांबला नाही. कढईपाशी भाजलेला हात, हरवलेली बकरी शोधायला डोंगरकड्यापर्यंत केलेली पायपीट, सासूची चोरून दिलेली भाकर. नवऱ्याच्या मरणाच्या पानाला विहारात एवढी शांतता झाली की शब्दांच्या आधीची बोटांची टकटकही ऐकू येत होती. बाया डोळे पुसत होत्या. माय आता पूर्ण वळून बसली होती. कानामागं हात धरून ऐकत होती आणि आपलंच ऐकताना मान डोलवत होती, "व्हय, असंच झालं. बराबर."

मग साठावं का एकसष्टावं पान आलं. "लेकराला टायपिंग शिकायला वसमतला धाडायचं म्हणून म्या बकरी विकली. लेकरू शिकलं आन् कचेरीत लागलं."

"थांब," माय म्हणाली.

बोटं थांबली.

"मधलं काहून खाल्लं?"

"काय खाल्लं माय?" भाऊसाहेबांचा आवाज बारीक झाला.

"तू दोनदा नापास झाल्ता. म्या सांगितलं व्हतं. तुनं लिहिलं न्हाईस."

विहार खो खो हसायला लागला. एकतीस वर्षांचा कचेरीचा टंकलेखक लाजून पार खाली वाकला. मी तर एवढा हसलो की डोळ्यांत पाणी आलं. सत्तर पानांत त्यानं एक शब्द इकडचा तिकडं केला नव्हता, खाल्लं होतं ते एवढंच.

माय काही सोडणारी नव्हती. "आन् तिसऱ्या खेपेला पास झाला तवा पळत घरी आला. मी चुलीपाशी. मपल्या पाठीवर तीनदा बोटं मारली. ते बी म्या सांगितलं व्हतं. ते बी खाल्लंस." ती पुढं सरकली आणि डेस्कवर आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी ठोकून दाखवलं, एकदा डावीकडं, दोनदा उजवीकडं. "हितं, हितं आन् हितं. काय लिहिलं म्हणून इचारलं तर हासून पळाला. आजवर सांगितलं न्हाई."

मी मंगळवारपासून त्या मांडणीत बुडालो होतो. डावीकडं ई. उजवीकडं के. आणि त्याच्या पलीकडं करंगळीला अर्धविराम. मला कळलं, आणि वैनींनाही कळलं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

भाऊसाहेबांनी डेस्कवर त्याच तीन जागी बोटं टेकवली. मग म्हणाले, "माय. तेवढंच लिहिलं व्हतं. 'माय'."

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. रडेल तर ती माय कसली.

"मग तवाच सांगायला काय झालं व्हतं तुला?" ती म्हणाली. "वाच पुढं."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला टॉवेल निघाला. भाऊसाहेबांनी ते साठावं का एकसष्टावं पान उघडलं आणि त्या कचऱ्याच्या मधोमध जागा करून काहीतरी टाइप केलं. पडद्यावर अर्थातच आणखी थोडा कचरा दिसला. मग त्यांनी गुलाबी फाइल मागितली. मी पेन उघडून लिहायला बसलो तर म्हणाले, "न्हाई, द्या इकडं." आणि त्या कोंबडीच्या अक्षरात, जीभ बाहेर काढून, मायच्या अंगठ्याखाली दोन शब्द लिहिले. मला लावायला वेळ लागला. 'हरकत मान्य.'

साचा दिवाळीच्या सुमाराला सापडला. दुबईवाल्या मित्राच्या परभणीच्या घरी एका डब्यात ती फ्लॉपी होती. मी ती घातली आणि मायची पानं उघडली. सगळी सत्तर पानं मराठीत उजळली. मायला खुर्चीत बसवलं. तिनं बोट टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. छप्पर जागेवर होतं.

मग भाऊसाहेबांनी त्या शुक्रवारी टाइप केलेली जागा मी शोधली. डोळ्यांना एकही मराठी अक्षर दिसत नसताना, नुसत्या बोटांच्या भरवशावर केलेलं काम. मास्तरकीची खोड, मी चुका शोधायलाच बसलो होतो. 'माझं लेकरू टायपिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालं. तिसऱ्या खेपेला पास झालं तेव्हा पळत घरी आलं आणि माझ्या पाठीवर माय असं लिहिलं.' काना नाही चुकला, मात्रा नाही चुकली, टिंब नाही चुकलं. पुन्हा वाचलं, पुन्हा तपासलं.

"माय," मी म्हटलं, "बघा तरी. न बघता लिहिलंय भाऊसाहेबांनी, आन् एक बी चूक न्हाई."

मायनं पान तोंडात सरकवलं आणि पडद्यावरचं बोट काढलंच नाही.

"कशी असंल चूक?" ती म्हणाली. "बकरी इकली व्हती म्या."